काट्यांवर नजर ठेवणारा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पावसाळा सरता सरता मी आणि माझा थोरला भाऊ पाचूबंदरहून मासेमारीला गेलो. वादळात होडीचं इंजिन बंद पडलं आणि ती खडकावर आपटून फुटली. आम्ही खडकाला चिकटून बसलो. दुपारी हेलिकॉप्टर आलं. दोर सोडून त्यांनी आधी मला वर घेतलं.

मी आत मागच्या बाजूला बसलो. पुढे दोन वैमानिक होते. पाऊस असा, की आभाळ कुठलं आणि पाणी कुठलं ते कळेना. दादा दोराला लटकत होता आणि हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिक खिडकीतून त्याच्याकडेच बघत होता. तेवढ्यात मला लाटा जवळ येताना दिसल्या. आम्ही हळूहळू खाली चाललो होतो आणि त्याला पत्ताच नव्हता. मी ओरडलो, पण त्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दादाचे पाय पाण्यात गेले.

दुसऱ्या वैमानिकाची नजर मात्र समोरच्या, उंची दाखवणाऱ्या काट्यांवर होती. त्याने पहिल्याचा खांदा दाबला आणि स्वतःच दांडी वर ओढली. हेलिकॉप्टर हिसका देऊन उठलं आणि दादा लाटेतून सुटला. मग त्यालाही आत घेतलं.

उतरल्यावर मी पहिल्याला विचारलं, "साहेब, तुमी एकटेच असता तर?"

"आधी एकटाच यायचो," तो म्हणाला. "आज एकटा असतो, तर मी तुझ्या भावालाच बघत राहिलो असतो."

ते ऐकलं आणि मी जाऊन दुसऱ्या वैमानिकाचे हात धरले.