थांबलो तर उतरावं लागेल

चांगीच्या धक्क्यावर आम्ही दोघं पोचलो तेव्हा होडीला अजून चार माणसं कमी होती. समोर पुलाउ उबिन (पुलाउ म्हणजे बेट) दिसत होतं, हिरवं, बुटकं, ओल्या टॉवेलसारखं पाण्यावर पसरलेलं. तिकडे जाणारी बमबोट (लाकडी मोटरहोडी) बारा डोकी जमल्याशिवाय हलत नाही. ज्या शहरात एमआरटीचं (मेट्रोचं) दार माझ्यासाठी एक श्वास जास्त थांबत नाही, तिथे एक होडी माणसांची वाट बघत बसते, याचं मला कौतुक वाटलं. आम्हालाही घाई झेपणार नव्हतीच.

घरी मी सांगून आले होते की जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये जातोय. जुरोंग ईस्ट राहिलं पश्चिमेला, आम्ही टॅक्सी केली पूर्वेची. मुलाशी खोटं बोलून नवऱ्याबरोबर पळून जाण्यात भारी मजा असते. बाविसाव्या वर्षी जमलं नव्हतं. तेव्हा मी पत्रिका जुळवून, मान खाली घालून बोहल्यावर चढले होते.

आमच्या ह्यांना कंपवात आहे. हात कमी थरथरतात, पाय जास्त अडतात. चालता चालता, विशेषतः दारापाशी, पाऊल जमिनीला चिकटून बसतं. मग मी माझा पाय त्यांच्या पायासमोर आडवा ठेवते. ओलांडायला काहीतरी मिळालं की पाऊल सुटतं. ही युक्ती इथल्या डॉक्टरांनी शिकवली. औषधं आता याहून वाढवता येणार नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

याच माणसाच्या मागे मी पुण्यात जन्मभर धावले. ह्यांची नोकरी भूमापन खात्यातली, बांधावरून झपझप चालायची सवय. लक्ष्मी रोडवरसुद्धा हे मला मागे टाकून निघून जायचे. मी मागून ओरडायची, "अहो, हळू चाला की जरा!" लग्नाच्या पहिल्या वर्षी तर रागाने भर रस्त्यात उभीच राहिले. म्हटलं, बघू कधी मागे वळून बघतात. हे घरी पोचून, चहा पिऊन मोकळे झाले होते. काय ती बया! नवी कोरी इंदुरी साडी, नाक लाल, आणि रुसली कोणावर, तर नवऱ्याच्या पाठीवर. मला ती आज रस्त्यात भेटली तर दोन्ही कान धरून हलवीन तिला.

तर, महिन्यापूर्वी आंग मो किओच्या फ्लॅटबाहेर हे लिफ्टकडे जाताना अडकले. कॉरिडॉरमध्ये आमच्या नातीची, ईराची, सायकल उभी होती. आधाराला तिचं हँडल धरलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, टांग टाकून बसले. आणि गेले की सरळ! कुंड्या चुकवत पार टोकापर्यंत. ईरा किंचाळली, "आजोबा, कॅनॉट लाह!" पण आजोबांना कॅन होतं.

डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं खरं. चालता येत नाही, पण सायकल येते. त्याने आजार मागे हटतो असं मात्र नाही. यातलं पहिलं मी घरी आणलं आणि दुसरं दवाखान्यातच ठेवून आले.

कारण पुण्याचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. निखिलने, म्हणजे मुलाने, गिऱ्हाईक शोधलं होतं. "आई, बाबा जिने चढणार कसे? इथेच राहा. इथे राहायच्या पासचं मी बघतो." मी आज सांगते, उद्या सांगते करत होते. मनात पैज लावली होती. यांनी एक आख्खा दिवस सायकल चालवली, तर पाय परत येतायत. मग घर विकायचं नाही, आम्ही आमच्या घरी जाणार. बिशानकडच्या बागेत ई-स्कूटरवाली मुलं अंगावर येतात, म्हणून फारशा गाड्या नसलेलं बेट शोधलं.

उबिनच्या धक्क्यापाशी चार दुकानं, एक देऊळ आणि सायकलींच्या रांगा. दुकानदार चिनी आजोबांनी ह्यांची चाल बघितली आणि मला बाजूला घेतलं. "आँटी, अंकल वॉक ऑल्सो कॅनॉट. सायकल हाऊ?"

"बघाच तुम्ही," मी माझ्या तोडक्या इंग्रजीत म्हटलं.

हे बसले आणि निघाले. दुकानदार आजोबा तोंडातली काडी काढून बघत राहिले. मीही घाईघाईने ओढणी कमरेला खोचून दुसऱ्या सायकलवर मागे निघाले. सुरुवातीला माझं हँडल दारू प्यायल्यासारखं वागलं, मग गुडघ्यांना जुनं काहीतरी आठवलं.

रस्ता अरुंद, चढउताराचा. दोन्ही बाजूंना रबराची जुनी झाडं, खोडांवर चिकासाठी घातलेल्या चरांचे व्रण. मध्येच एखादं कम्पोंगमधलं (खेड्यातलं) घर, पत्र्याचं छप्पर, खांबांवर उभं, वाळत घातलेला सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) आणि माणूस कोणी नाही. मुलं शहरात गेली, म्हातारे राहिले, मग म्हातारेही गेले. इथल्या खाणींतला दगड समुद्रापलीकडच्या शहराला लागला. खाणी बंद झाल्यावर त्यांत पाणी भरलं. कठड्यावरून खाली बघितलं तर इतकं हिरवं, गप्प पाणी की मी सायकल कठड्यापासून लांब घेतली.

हे पुढेच होते. पाठ ताठ, टोपीखाली पांढरे केस. मध्येच मागे न बघता ओरडले, "हा चढ वीसास एक असेल गं!" मोजणीवाला माणूस तो. किती महिन्यांनी त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला!

शहाळ्यांच्या टपरीपाशी मी म्हटलं, "अहो, थांबा. घसा सुकलाय."

"तू पी. मी फेऱ्या मारतो."

"आणि तुम्ही?"

"थांबलो तर उतरावं लागेल."

मी बाकावर बसून शहाळं प्यायले आणि हे टपरीभोवती गिरक्या घेत राहिले. प्रत्येक फेरीला मी शहाळं पुढे करायची, हे मान लांब करून नळी पकडायला बघायचे, नळी नाकात जायची. टपरीवाली मलय बाई हसून हसून खाली बसली. "अंकल व्हेरी स्ट्राँग, अह!" मी मान डोलावली. मनात तेव्हा मी पुण्याच्या फ्लॅटच्या खिडक्या उघडून जळमटं काढायला घेतली होती.

पुढच्या चढावर रानडुकरीण आडवी आली, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. ह्यांनी ब्रेक दाबला. दोन्ही पाय खाली टेकले. डुकरीण सावकाश निघून गेली, पिल्लं गेली, रस्ता मोकळा झाला. हे तिथेच.

मी पाय आडवा ठेवला. सायकल मांडीखाली असताना माणूस काय ओलांडणार? मागून ढकललं. चाक दोन हात पुढे गेलं, कललं आणि हे रस्त्यावर. कोपर सोललं, टोपी घरंगळत गेली. त्यांना बसतं करेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला. गोळी दिली. ती लागू पडेपर्यंत आम्ही रबराच्या झाडाखाली बसून राहिलो. एकही माणूस फिरकला नाही. ज्या शांततेसाठी मी एवढा खटाटोप केला होता, ती आता अंगावर येत होती.

या आजारात चेहराही गोठतो. त्यामुळे ते रागावलेत की दमलेत, कळत नव्हतं.

मग हेच म्हणाले, "पुण्याला न्यायचं बघतेयस ना मला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सायकल चालवणाऱ्याला जिने चढता येतात, असं तुलाच वाटू शकतं."

"मग आलात कशाला माझ्याबरोबर?"

"मला सायकल चालवायची होती," ते म्हणाले. "तेवढंच."

मी ओढणीने त्यांचं कोपर पुसत राहिले. मी एक घर वाचवायला आले होते आणि ह्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं.

"धक्क्यापर्यंत उतार आहे," हे म्हणाले. "बसव मला."

दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं. हे निघाले, मला बरंच मागे टाकून. मी आज ओरडले नाही. झाडांमधून उन्हाचे तुकडे त्यांच्या पाठीवरून सरकत होते, तेवढं बघत गेले.

धक्क्यावर होडीत अकरा डोकी जमली होती, मला धरून. बारावं काठावर अडकलं होतं. होडी हलत होती आणि हलणाऱ्या गोष्टीत ह्यांचा पाय पडेना. नावाड्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग दोन कॉलेजवयाच्या मुलांना खुणावलं. त्यांनी ह्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. सगळे नम्रपणे समुद्राकडे बघत होते. हे समोर बघत होते. मी चपलेचा बंद नीट करत होते, जो मुळात नीटच होता.

टॅक्सीत निखिलचा फोन आला. "आई, आहात कुठे? मॉल बंद व्हायची वाट बघताय का? आणि ते गिऱ्हाईक आता थांबणार नाही म्हणतंय. काय सांगू?"

हे खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

"हो म्हण," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो म्हण रे."

आंग मो किओला मी लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा डोक्यात पुण्याचा एकेक खण उपसत होते. कपबशा कोणाला द्यायच्या, देव कुठे ठेवायचे, ह्यांची मोजणीची साखळी कोण घेणार. पाय आपोआप चालत राहिले. दारापाशी किल्ली काढली, तेव्हा मागून लिफ्टपासून आवाज आला.

"अगं, हळू चाल की जरा."

लक्ष्मी रोडवरच्या त्या बयेला हे ऐकून केवढा आनंद झाला असता! जिंकली म्हणून नाचली असती मूर्ख. मी किल्ली दारालाच लटकत ठेवली, कॉरिडॉरमधून परत मागे चालत गेले आणि माझा पाय त्यांच्या पायासमोर आडवा ठेवला.