चबुतऱ्यासमोरचा हॉल

साल १९८४. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले तोवर. पण फौजेत पंचवीस वर्षं भिंती बांधल्या, त्यातली एक पडली असली तर दाखवा. जयपूरच्या छावणीतून सुटलो आणि साताऱ्याला न परतता कानोत्याच्या अलीकडं एका खेड्यातच बायकोसह राहिलो.

तिथं पंचायतीनं हॉल बांधायचा ठरवला. जागा कुठली, तर जिथं पूर्वी मोकाट गुरं कोंडायचे ती. मतलब, सभेला जागा साजेशीच. एका अंगाला हातपंप, मागं बाजरीची शेतं, समोर कडुनिंबाखाली म्हाताऱ्यांचा चबुतरा. सकाळपासून तिथं हुक्का ओढत ते देशाचा कारभार बघत. देश कसा चालला होता ते त्यावरून ओळखा.

भिंती मी उभ्या केल्या, वर दगडी पट्ट्यांचं छत टाकलं. दार मी ठेवलं चबुतऱ्यासमोर. हॉल म्हटला की तोंड गावाकडं हवं!

सरपंच म्हणाले, "फौजीजी, औरतें कैसे आएँगी?"

म्हटलं, "पैदल."

सगळा चबुतरा हसला. मी जास्त हसलो.

हॉल झाला. तालुक्याचे साहेब आले, फीत कापली, लाडू खाल्ले आणि बायकांसाठी शिवणवर्ग जाहीर करून गेले. दोन मशिनी आल्या. शिकवणार माझी बायको. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी 'मास्टरनीजी' म्हटलं होतं. रोज इस्त्रीची साडी नेसून ती त्या हॉलमध्ये एकटी बसून यायची.

तीन आठवडे एक बाई फिरकली नाही. इथली सून वडीलधाऱ्यांसमोरून जाताना चपला हातात घेते, घुंगट हनुवटीखाली ओढते. बारा म्हाताऱ्यांसमोर ही कवायत करून झबलं शिवायला कोण येणार? मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कळलं म्हणून कबूल करायचं, असा कायदा आहे का कुठं?

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, वर्ग भरत नाही म्हणून मशिनी परवा दुसऱ्या गावाला नेणार."

"नेऊ देत. इथल्या बायकाच आळशी."

"पहाटे चारला उठून दळतात त्या. आळशी म्हणं! दार चुकलंय तुमचं."

"माझी एक भिंत आजवर चुकली नाही."

"भिंतीला कोण काय म्हणतंय? शेताकडनं वाट असती तर कालच आल्या असत्या. पंपावर मला सगळ्या हेच सांगतात. तुम्हाला कोण सांगणार? सरपंचांनी विचारलं, तर त्यांना हसलात."

मी ताटावरून उठलो. भाकरीनं माझं काय वाकडं केलं होतं, देव जाणे. ती मात्र रडली नाही, भांडलीही नाही. दोन्ही मशिनींच्या कापडी खोळी धुऊन तिनं दोरीवर वाळत घातली, परत द्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा, छिन्नी घेऊन मी हॉलच्या मागं गेलो. आवाज ऐकून सरपंच धावत आले. "क्या कर रहे हो, फौजीजी?"

"हवा कम आती है. खिड़की निकाल रहा हूँ," म्हटलं, आणि पहिला घाव जमिनीलगत घातला.