वरचा खण, खालचा खण

माझ्या बाबांना जमिनीवरचं एकही वाहन चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. खारदांड्याच्या कोळीवाड्यात हरेश्वर तांडेल म्हटलं की लोक मान डोलावतात, कारण खवळलेल्या पाण्यातून बोट सरळ किनाऱ्याला लावावी तर त्यांनीच. पण रिक्षात बसले की ते दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतात. आणि याच माणसाने दोन पावसाळ्यांत एक्केचाळीस हजार किलोमीटर ट्रक चालवला. आमच्या माळ्यावर, माझ्या कॉम्प्युटरवर.

कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पोटात मी दोन घरं केली होती. कामासाठी लिनक्स, गेमसाठी विंडोज. एक बदलून दुसऱ्यात जायचं तर मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. हा उपद्व्याप मी स्वतःलाच आवरायला केला होता. काम करता करता ‘एकच डाव’ म्हणत गेममध्ये शिरले की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. पण माझ्या मोहापेक्षा माझा आळस मोठा आहे, याची मला खात्री होती.

हे बाबांना समजावायला गेले, तर त्यांनीच मला समजावलं. “म्हंजे बोटीचे खन. एकात बर्फ, दुसऱ्यात म्हावरा. मधी फळी.” झालं! चालू होताना पडद्यावर दोन ओळी येतात, त्यातला वरचा खण पोरीचा, खालचा आपला, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर, जाळी दुरुस्त करून झालेली, आणि दुपारपासून रिकामे बाबा म्हणजे आईच्या डोक्याला ताप. म्हणून मी आधी त्यांना मासे पकडायचा गेम लावून दिला. दहा मिनिटांत उठले. “याला वास नाय, काटा नाय, कसला म्हावरा!” मग ट्रकचा लावला, आणि माणूस जागचा हलेना. बोटीचे सगळे शिष्टाचार त्यांनी रस्त्यावर आणले. कुणाला ओव्हरटेक करायचं नाही. समोरून ट्रक आला की हात वर करायचा, खरोखरचा. सुरुवातीला दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग स्वतःचा घेतला आणि त्याला आमच्या बोटीचं, म्हणजे त्यांच्या आईचं नाव दिलं. सोनूबाई.

यंदाच्या जुलैत मी मात्र वरच्या खणातून बाहेर पडले नव्हते. अंधेरीतल्या एका कंपनीने मला तीन महिने पारखायला घेतलं होतं. शेवटचं काम होतं दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्रॅम, सोमवारी अकरा वाजता दाखवायचा. आवडला तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा दारोदार. तीन आठवडे खपले, पण त्यातली एक ओळही कंपनीकडे पाठवली नव्हती. रोज पाठवत जा, असं त्यांनी दोनदा सांगूनही. आमच्या घरात बोट किनाऱ्याला लागेपर्यंत मासळी किती मिळाली ते कुणी बोलत नाही. बोललं की दृष्ट लागते. शिकलीसवरलेली मी, पण अर्धं काम दाखवायला जीव धजावला नाही.

रविवारी सकाळी मी आईला बाजारात सुकटीची टोपली पोचवून आले. बाबा माळ्यावर खुशीत.

“पूर्वे, एक खन रिकामाच पडलेला. साफ केला.”

मी धावत पडद्याशी गेले. झालं होतं असं, की खालच्या खणातून वरचा खण वाचता येत नाही. तिथून तो कोराच वाटतो. पडद्यावर चौकट आली, की ही जागा वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? बाबांनी अक्षरं जुळवत ‘फॉरमॅट’ वाचलं. मोबाईलवाल्याने त्यांचा फोन फॉरमॅट केल्यावर तो झकास चालायला लागला होता. त्यात महिना जुलैचा, बोटीचे खण घासून लख्ख करायचा. त्यांनी ‘येस’ दाबलं.

मी किती ओरडले ते शेजारी अजून सांगतात. त्यातलं एकच वाक्य मला आठवतं आणि ते आठवायला नको असतं. “तुमचं काय जातं, बाबा? तुमचा नुसता खेळ!”

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले, बस.

डोकं थोडं थंड झाल्यावर सुचलं, की सगळं पुसलं गेलेलं नसतं. यादी जाते, माल काही काळ तिथेच असतो. तो उपसून काढता येतो, पण दुसऱ्या जागी ठेवावा लागतो. आणि दुसरी जागा एकच, खालचा खण. तो ट्रकच्या गेमने काठोकाठ भरलेला.

“किती जागा लागंल?” बाबांनी विचारलं.

“सगळी.”

“बाजूला सर,” म्हणाले, आणि माऊस माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच गेम काढून टाकला.

दुपारी चारपर्यंत फायली वर आल्या, पण नावं हरवून, नुसते आकडे घेऊन. मी एकेक उघडून बघायची, बाबा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडा लिहून पुढे खूण करायचे. कामाची, बिनकामाची. जाळं विणताना चुकलेली गाठ शोधतात तसे बसले होते. सोमवारी अकरा वाजता मी प्रोग्रॅम दाखवला. बुधवारी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं.

गुरुवारी मी आनंदाने बाबांचा गेम पुन्हा टाकायला बसले आणि तेव्हा ध्यानात आलं. सोनूबाई नव्हती. एक्केचाळीस हजार किलोमीटर नव्हते. काढायच्या आधी त्यांच्या प्रवासाची एवढीशी फाईल बाजूला ठेवायची होती, मिनिटाचं काम, आणि मला ते सुचलंही नव्हतं. मला रडूच फुटलं.

“चुकले, बाबा. त्या दिवशी बोलले तेही चुकले.”

“आगो, बारा वर्सं मी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी व्हतो,” बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “परत करू. पन तू आता रोज सांजच्याला काम पाठव. अर्धी टोपली असली तरी.”

“आणि दृष्ट?”

त्यांनी दुसऱ्याचा ट्रक चालू केला.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली. चौथ्या दिवशी सकाळी मी वरच्या खणात कामाला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. इंजिनाचा धडधडाट, वारा, आणि त्यातून बाबा. मढच्या समोर रेंज आली होती. किनारा अजून तासभर लांब होता.

मला वाटलं, काहीतरी बिघडलं. समुद्रावरून त्यांनी कधी फोन केलाच नव्हता.

“काय झालं, बाबा?”

“काय नाय. अर्धा खन भरलाय, पापलेट बरा हाय,” ते आवाज खाली आणून म्हणाले, बाकीच्या खलाशांना ऐकू जाऊ नये म्हणून. “तुज्याकडं पाठवून ठेवला.”