शिक्षा किती झाली?

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा, कारण माझी फजिती ऐकताना तो नाकातून येतो, असा लोकांचा अनुभव आहे.

मध्यभारत हे नवं राज्य नुकतंच झालं होतं. मी साताऱ्याकडचा, शाळेचं तोंड न पाहिलेला. उज्जैनला काकांकडे आलो आणि एका टॉकीजमध्ये भोंगेवाला म्हणून लागलो. टांग्यात बसायचं, तोंडाला पत्र्याचा भोंगा लावायचा आणि गल्लोगल्ली सिनेमाची तारीफ करत हिंडायचं. आवाज म्हणाल तर टांग्याचा घोडा बिचकायचा. हिंदी? ती काय, मराठीच की. शेवटी ‘है’ लावलं की झालं. निदान माझी तशी समजूत होती.

एकदा टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा लागला. मॅनेजरसाहेब म्हणाले, “माधवनगर के मराठी परिवार आने चाहिए. हॉल खाली रहा, तो तेरी छुट्टी.”

आणि नोकरी गेली तर लग्नही गेलं. काकांनी नानांची मुलगी माझ्यासाठी पाहिली होती. नाना तीन पिढ्यांचे उज्जैनकर, कचेरीत कारकून. ते त्याच संध्याकाळी मला बघायला टॉकीजवर येणार होते.

मला वाचता येत नाही, म्हणून साहेबांनी त्या अमेरिकन नटाचं चरित्र तोंडीच सांगितलं. “किसान का बेटा. अभिनय इसके खून में था. न्यूयॉर्क में तीन साल शिक्षा पाई. बरसों नाटक किए, फिर सिनेमा में आया. आज संसार में बड़ा नाम है. याद रहेगा?”

न राहायला काय झालं? मी माधवनगरात भोंगा लावला. “ऐका हो ऐका! शेतकऱ्याचं पोर, खुनात सापडलं! न्यूयॉर्कला तीन वर्षं शिक्षा भोगली, पायांत बेड्या!” शिक्षा ‘पाई’ म्हणजे बेड्याच असणार, हे मी आपलं आपणच ताडलं होतं. “सुटल्यावर नाटकात शिरला, तिथून सिनेमात! आता सुखाने संसार करतो!”

गॅलरीतून एक बाई ओरडल्या, “अहो भोंगेवाले, खून कुणाचा केला त्यानं?”

आता हे साहेबांनी कुठं सांगितलं होतं? पण शेतकरी म्हटल्यावर मला अवघड नव्हतं. “भावकीतलाच, वहिनी. बांधावरून झालं.”

“बाई गं. अहो, ऐकलंत का? जाऊया आपण.”

संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पडद्यावर तो नट गरीब मास्तर झालेला. मुंगी मारेल तर शपथ. पण लोक वाट बघतायत. त्यानं सुरी उचलली, तसा अख्खा हॉल उभा राहिला. त्यानं पाव कापला. सगळे हळहळून खाली बसले.

मॅनेजरसाहेब मात्र गर्दी बघून खूश. मध्यंतरात त्यांनी मला, काकांना आणि नानांना आपल्या खोलीत चहाला बोलावलं. म्हणाले, “लड़का हीरा है.”

नाना म्हणाले, “मुलगा मला पसंद आहे. फक्त एक गोष्ट साफ सांगा. तुमची शिक्षा किती झाली?”

मी उठून उभाच राहिलो. मुलगी द्यायची म्हटल्यावर बाप विचारणारच. मी छाती पुढे काढली. “नाना, देवाशप्पथ, एक दिवसाचीसुद्धा नाही. मला नाही, वडिलांना नाही, आजोबांना नाही. आमच्या घराण्याला तो डागच नाही. या काकांना लहानपणी एकदा होणार होती, पण सगळ्यांनी पाटलांचे पाय धरले आणि सोडवून आणलं.”

काकांनी कपाळाला हात लावला. साहेबांचा चहा शर्टावर. “अरे, पढ़ाई पूछ रहे हैं!” मग ‘शिक्षा’ उलगडली, तिच्यामागून ‘खून’ उलगडला, आणि बांधापर्यंत आल्यावर तर साहेब खुर्चीवरून घसरले.

नाना एकटे हसले नाहीत. त्यांनी आपला चहा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “एवढ्या गर्वानं खरं बोलणारा जावई मला दुसरा कुठं मिळणार?”

लग्नात ते पाहुण्यापाहुण्याला माझी ओळख करून देत होते. “हे आमचे जावई. शिक्षा बिलकुल नाही.”

उज्जैनचे पाहुणे खाली बघायचे. साताऱ्याचे म्हणायचे, “वा, चांगलं घराणं मिळालं!”

आणि मी दोघांनाही तितक्याच रुबाबात नमस्कार करत होतो.