सहा पत्रांतली सुमी

“सुमी कोण?” आनेटबाईंनी इंग्रजीत विचारलं.

रोह्याच्या आमच्या मुलींच्या होस्टेलमध्ये, जेवणघरातल्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. आनेटबाई युरोपातल्या एका खेड्यातून आलेल्या, सत्तरीच्या आसपासच्या. समोर दहावीतली करिष्मा. तिच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी तीन वर्षांपूर्वी घेतली होती आणि आज पहिल्यांदा भेटत होत्या. मध्ये मी, दुभाषी. घरचे सध्या कुठे असतात, असं बाईंनी विचारलं. करिष्मा म्हणाली, “भट्टीवर. आयबा, नि सुमी पण.” मी ते इंग्रजीत सांगितलं आणि लगेच हा प्रश्न आला.

मी तो मराठीत करिष्माला विचारला. तिने आनेटबाईंकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

“बाई, यांना सुमी म्हायती नाय?”

मला उत्तर माहीत होतं. ते देण्याऐवजी मी पाण्याचा ग्लास उचलला.

इथे थोडं माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी पेणची. एका शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, मग ती नोकरी सोडून एका आंतरराष्ट्रीय संस्थेत लागले. रामवाडीत आमचं ऑफिस आहे. खाली गणपतीचा कारखाना, वर आम्ही. माझ्या टेबलावरच्या पाटीवर ‘कम्युनिकेशन ऑफिसर’ असं लिहिलंय. पाटी भारदस्त आहे, पण बरंचसं काम पोस्टमनचं. परदेशातला एक माणूस इथल्या एका मुलीच्या शिक्षणाला मदत करतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. मुलगी त्याला वर्षातून दोन पत्रं लिहिते, एक पावसाळ्यात आणि एक दिवाळीनंतर. ती मराठीत लिहिते, मी त्याचं इंग्रजी करते, आणि मूळ पत्र व अनुवाद एका पाकिटात घालून पाठवते.

या पत्रांना नियम असतात. पत्ता, फोन नंबर लिहायचा नाही. घरच्यांची नावं अनुवादात द्यायची नाहीत, ते सुरक्षिततेसाठी. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे मुलीने स्पॉन्सरकडे काही मागायचं नाही. मागणी असलेल्या वाक्याला आमच्या भाषेत ‘रिक्वेस्ट’ म्हणतात. रिक्वेस्ट दिसली की झेरॉक्सवर तिच्याभोवती लाल चौकट करायची, बाजूला ‘आर’ लिहायचा आणि ते वाक्य गाळायचं. नियम वाईट नाही. एकीने सायकल मागितली आणि तिला मिळाली, तर शेजारच्या खाटेवरच्या मुलीने काय करायचं?

मी हे काम मन लावून करायची. नुसतं गाळून थांबायची नाही. गाळल्यामुळे पत्रात पडलेलं भोक दिसू नये म्हणून एखादं छानसं वाक्य जोडून द्यायची. फुलझाडांबद्दल, कुंडलिका नदीच्या पाण्याबद्दल. आनेटबाई उत्तरात लिहायच्या की किती सुंदर पत्रं लिहिते ही मुलगी. मी ते वाचून खूश व्हायची. कौतुक करिष्माचं चाललेलं, खूश मी.

करिष्मा खांब गावाच्या बाजूच्या एका कातकरी वाडीतली. दिवाळी झाली की ती वाडी रिकामी होते. माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, थेट कर्नाटकात, आणि पाऊस लागायच्या बेताला परत येतात. मुलं अर्थात बरोबर. म्हणजे शाळा निम्मं वर्ष. यावर उपाय म्हणून आमचं होस्टेल, आठवी ते दहावीच्या मुलींसाठी. पण एका घरातून एकच मुलगी. करिष्मा आठवीला आली तेव्हा तिची बहीण सुमी चौथीत होती.

सहाही पत्रांत करिष्माने जवळपास एकच गोष्ट लिहिली होती. शब्द थोडे इकडचे तिकडे, बाकी तेच. “माझी बहीण सुमी हुशार आहे. भट्टीवर जाते तेव्हा तिची शाळा सुटते. भट्टीचे महिने तिला इथे ठेवा. ती माझ्याच खाटेवर झोपेल. जेवण मी माझ्यातलं देईन. तुम्ही आमच्या बाईंना सांगा.”

आमच्या बाई म्हणजे मी.

तिने आधी होस्टेलच्या वॉर्डनना विचारलं होतं, त्यांनी नियम सांगितला. तेव्हा तिने विचार केला असणार की परदेशातल्या बाईंनी सांगितलं तर इथल्या बाई ऐकतील. विचार अगदी बरोबर होता. फक्त ते पत्र माझ्याच टेबलावरून जाणार होतं.

माझी थोरली बहीण नाशिकला असते. तिचं लग्न होईपर्यंत आम्ही दोघी एका गादीवर झोपलो. ती सासरी गेल्यावर कितीतरी दिवस मी गादीच्या एका कडेलाच झोपायची, तिची बाजू मोकळी ठेवून. आई हसायची. हे सगळं अनुभवलेली बाई मी, आणि ‘ती माझ्याच खाटेवर झोपेल’ या वाक्याभोवती मी सहा वेळा लाल चौकट केली. वाक्य वाचलं होतं का? वाचलं होतं. पण त्यात रिक्वेस्ट आहे की नाही एवढंच बघायला वाचलं होतं. शिवाय होस्टेलमध्ये कोणाला घ्यायचं हे प्रोग्रामवाल्यांचं, म्हणजे होस्टेल चालवणाऱ्यांचं काम, माझं नव्हे, अशी माझी समजूत. लाज वाटते सांगायला.

तर जेवणघरात मी ग्लास खाली ठेवला आणि आनेटबाईंना म्हटलं, “सुमी तिची धाकटी बहीण आहे. करिष्माने तुम्हाला लिहिलं होतं. मी ते गाळलं.”

 बाईंनी झोळीतून एक प्लास्टिकची फाइल काढली. सहाही पत्रं त्यांनी घरून आणली होती, करिष्माच्या हातची, निळ्या पेनाने लिहिलेली. ती त्यांनी बाकावर एकाखाली एक मांडली आणि करिष्माला खुणेने विचारलं, कुठे?

करिष्माने बोट ठेवलं. मग दुसऱ्या पत्रावर, तिसऱ्या. कुठे एकदा, कुठे चार वेळा. सुमी, सुमी, सुमी.

आनेटबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “हा शब्द मी ओळखते. प्रत्येक पत्रात आहे. मला वाटायचं, याचा अर्थ ‘धन्यवाद’ असेल.”

मी ते करिष्माला सांगितलं नाही. तिने विचारलं, “काय बोलल्या?” तेव्हा सांगावं लागलं. ती थोडं हसली आणि मग ओढणीने डोळे पुसायला लागली.

त्यानंतर मी सहाही पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवली. जसंच्या तसं, एकेक वाक्य, नावं आणि मागण्यांसकट. मी जोडलेली फुलझाडं त्यात कुठेच नव्हती. होतं ते असं, मागणीला लागून आलं म्हणून तेही मी गाळलेलं: सुमीला पावसात खेकडे धरता येतात. सुमी अंधाराला घाबरते. सुमीला बेचा पाढा येत होता, भट्टीवरून आली तेव्हा येत नव्हता. मध्येच करिष्मा म्हणाली, “बाई, ह्या टायमाला पाढे पण नाय विचारले मी तिला.” तेही मी इंग्रजीत सांगितलं.

परतताना कोलाडला चहाला गाडी थांबवली. आनेटबाईंनी चहा निम्माच घेतला. म्हणाल्या, “तुमचं इंग्रजी फार छान आहे.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

ऑफिसला येऊन मी मुंबईला समीर सरांना फोन लावला. ते माझे बॉस. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण माणूस सरळ.

“काय मॅडम, व्हिजिट कशी झाली?”

“वाईट झाली. माझ्यामुळे.” मी सगळं सांगितलं.

“पण तुम्ही तर पॉलिसीप्रमाणेच केलंत.”

“हो ना. तेच तर.”

“हे बघा, एका घरातून एक मुलगी हा क्रायटेरिया आहे. उद्या अख्खी वाडी धाकट्या पोरी घेऊन दारात उभी राहील.”

“राहू दे की सर. त्यासाठीच तर बोर्ड लावलाय ना आपण दारावर?”

 ते म्हणाले, “प्रपोजल पाठवा. ‘सीझनल स्टे’ म्हणून टाका. भट्टीच्या महिन्यांपुरतं. हेड ऑफिसची मंजुरी लागेल.”

“करिष्माची बोर्डाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर ती होस्टेल सोडणार. त्याआधी मिळेल?”

“बघतो.”

आमच्या क्षेत्रात ‘बघतो’ हा होकारच असतो, पण त्याला तारीख नसते.

प्रपोजल मी त्याच दिवशी पाठवलं. आनेटबाईंनीही त्यांच्या बाजूने मेल केला. मग करिष्माच्या वडिलांचा नंबर मिळवला. दोन दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा मागे कुऱ्हाडीचे आवाज येत होते.

“सुमीला पाठवाल का होस्टेलला? मी स्वतः न्यायला येते.”

“आता मधीच कशी धाडू, बाई? मुकादम कावल.” मुकादम म्हणजे टोळीला भट्टीवर नेणारा माणूस. “नि तुमच्यात जागा पक्की झाली काय तिची?”

“कागद यायचाय.”

“मंग कागद आला का फोन करा. आम्ही हाय हितंच.”

त्यांचं काय चुकलं? कागद आल्याशिवाय मुलगी हलवायची नाही, हे आमच्याकडूनच शिकले असतील.

त्यानंतर दर शनिवारी मी रोह्याला जायची. एरवी महिन्यातून एकदा जायची. गाडीतून उतरून फाटकातून आत शिरले की करिष्मा ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. ती मला विचारायची काही नाही. माझ्या मागे बघायची. मागे कोणी नसायचं. मग ती पुस्तकात डोकं घालायची. असे चार शनिवार गेले. मला त्या फाटकाची धास्ती बसली होती. आपण एखादीला काय देऊ शकत होतो आणि दिलं नाही, हे दर आठवड्याला तिच्या तोंडावर बघायचं, याहून मोठी शिक्षा मला कोणी देऊ शकलं नसतं. आणि तिची तक्रार काहीच नव्हती, उलट माझ्यासाठी चहा आणायची. तिने खाटेवरचं सामान भिंतीकडे सरकवून ठेवलंय, असं वॉर्डननी मला सांगितलं. त्या खाटेकडे मी मुद्दाम गेले नाही.

परीक्षा झाली. पेटी घेऊन ती मामाकडे गेली. मंजुरीचा मेल त्यानंतर आठवड्याने आला. अभिनंदनाचा होता. आमच्या ऑफिसची सूचना चार इतर ठिकाणीही लागू करणार होते. समीर सरांनी फोन केला, “मॅडम, पेढे हवेत.” मी बरं म्हटलं. सूचना करिष्माची होती, हे मी उत्तराच्या मेलमध्ये लिहिलं. तेवढं तरी लिहिलं.

करिष्माला चांगले मार्क पडले. ती अलिबागला सरकारी होस्टेलात राहून अकरावी करते आहे. नर्स व्हायचंय तिला. पावसाळ्यात दोघी बहिणी वाडीवर एकत्र होत्या, तेवढेच काही दिवस. कागद आल्यावर वडिलांशी फोनवर ठरलं होतं तसं, दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेले आणि सुमी रोह्याला आमच्याकडे आली. वयाने सातवीची, वाचायला दुसरीची. अजून दिवे घालवल्यावर रडते. मुली तिच्यासाठी बाहेरचा बल्ब चालू ठेवतात.

नव्या स्टाफला मी आता ट्रेनिंग देते तेव्हा एकच गोष्ट सांगते. पत्र आधी पेन हातात न घेता वाचा, नियम नंतर काढा. आणि मागणी अनुवादातून गाळलीत तरी ती एका वहीत लिहून प्रोग्रामच्या टेबलावर नेऊन ठेवा. समीर सरांनी हे मॅन्युअलमध्ये घेतलं आहे. फक्त वाक्याच्या आधी त्यांनी ‘शक्यतो’ हा शब्द घातला.

सुमीच्या स्पॉन्सर आनेटबाईच आहेत. तिने त्यांना पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी शेजारी बसले होते. मोठ्या मोठ्या अक्षरांत तिने नाव लिहिलं, शाळा लिहिली, खेकड्यांचं लिहिलं. मी म्हटलं, “सुमे, काही हवं असेल तर तेही लिही गो. मी सगळं पोचवीन.”

तिने पेन्सिल थांबवली. “ताई येल हितं ऱ्हायला?”

“ती अलिबागला आहे ना आता. तिचं कॉलेज आहे.”

“मंग काय मागू,” ती म्हणाली आणि पत्राखाली नाव लिहून कागद माझ्याकडे दिला.

मी त्याचं इंग्रजी केलं. सहा ओळी होत्या, पाच मिनिटंही लागली नाहीत. गाळायला काही नव्हतं.