तीन दिवसांत बरी होणारी घोडी

ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाचा खेळातला नियम मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिला. आमचं काम साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर तयार करण्याचं. ऑफिसातल्या आम्ही चौघी दर रविवारी दुपारी गोडादऱ्याला माझ्या घरी जमायचो आणि टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचो. एकीने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि लढाईत किंवा प्रवासात पुढे काय होणार ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. गोष्ट चालवणारी मी होते. विकत घेतलेल्या नियमांच्या पुस्तकात घोडे तलवारीने मरत, दरीत पडून मरत, पण आजारी कधी पडत नसत. मला ते खोटं वाटायचं.

म्हणून मी जनावरांच्या रोगांबद्दल वाचायला लागले. ग्लँडर्समध्ये घोड्याच्या नाकातून घट्ट पिवळा स्राव येतो, पायांवर गाठी येऊन फुटतात. त्यावर उपचार करत नाहीत. माणसालाही तो होऊ शकतो, म्हणून जनावराला इंजेक्शन देऊन मारतात. हे सगळं वाचल्यावर मला वाटलं, असा नियम केला तर खेळ एका दुपारीच संपेल. मग मी लिहिलं: रोज औषध आणि शेक द्यावा, फासा टाकावा, बाराच्या वर पडला तर तीन दिवसांत घोडा बरा. लक्षणं मात्र खरी ठेवली. त्याचा मला अभिमानही वाटला होता.

आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या पात्राकडे पांढरी घोडी होती, कारण तिच्या घरीही होती. तिचे वडील नवागामला राहतात. लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायला त्यांनी ती घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली होती. मी खेळात त्याच घोडीला आजारी पाडलं. नाकातला स्राव, मागच्या पायावरच्या गाठी, सगळं रंगवून सांगितलं. मैत्रीण फासा हातात धरून तशीच बसली.

"पण बरी होते ना?" तिने विचारलं.

"होते की. तीन दिवस औषध दे."

तिने फासा टाकला. सतरा पडले. बाकीच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या, ती हसली नाही. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं होतं आणि तरीही मी गोष्ट पुढे नेली.

पुढच्या गुरुवारी डबा खाताना ती म्हणाली, "आमची घोडी काही बरी होत नाहीये गं. नाक तसंच वाहतंय, पायावर गाठीही आल्यात. शेक देतोय, औषध देतोय. पप्पा डॉक्टरला बोलवत होते, मीच म्हटलं, तू सांगितलंस तसं तीन-चार दिवस बघू."

मी तिला खरं काय ते सांगितलं. खेळ चालू राहावा म्हणून मी नियम बदलला होता, हेही सांगितलं. ती ओरडली नाही. डबा बंद करून म्हणाली, "पप्पा रोज हाताने तिचं नाक पुसतात."

आम्ही तशाच रिक्षाने नवागामला गेलो. काका घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मैत्रिणीने लांबूनच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"सर्दी शे तिले," काका म्हणाले. "दुसरं काही नाही."

"पप्पा, हात धुवा आधी. तिला हात लावू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू ही आज्ञा माझीच होती. शेवटी मैत्रिणीनेच जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन केला. संध्याकाळच्या आत डॉक्टरबाई आल्या, त्यांनी हातमोजे घालून रक्त घेतलं आणि रिपोर्ट येईपर्यंत घोडीला एकटं ठेवायला सांगितलं. वराती बंद झाल्या. गल्लीतली माणसं त्यांच्या दारावरून जायचं टाळू लागली.

रिपोर्ट वाईट आला. घोडीला नेलं त्या दिवशी मी रजा टाकून गेले होते. अंगभर पांढरे सूट घातलेली माणसं आली. काकांना फक्त दोरी सोडून द्यायची होती, पण त्यांना जवळ जाऊ दिलं नाही. ते कंपाउंडच्या अलीकडून तिला अहिराणीत हाका मारत राहिले. तिने एकदा कान वळवले. मग टेम्पोचा मागचा फाळका लावला गेला. काकांचं रक्तही तपासलं. त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी नीट झोपले नाही. त्यांना काही झालेलं नव्हतं. आधी डॉक्टरला बोलावलं असतं तरी घोडी वाचली नसती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पण मधल्या दिवसांत काकांना लागण झाली असती तर, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि माझ्या मनातून तो जातही नाही.

काका आता हजीऱ्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. मैत्रीण ऑफिसात माझ्या शेजारीच बसते. बरेच महिने आम्ही फक्त कामाचं बोललो. रविवारचं जमणं आपोआप थांबलं.

अलीकडे एका दुपारी तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तो नियम अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"उघड. बरी होते ते काढून टाक."

मी ती ओळ पुसली. ती सांगत गेली तसं लिहीत गेले: लक्षण दिसलं की जनावर वेगळं करायचं. हात लावायचा नाही. डॉक्टरला कळवायचं. फासा टाकायचा नाही.

"आणि शेवटी मालकाला जवळ जाऊ देत नाहीत," ती म्हणाली. "तेही लिही."

मी लिहिलं. तिने स्क्रीनवर दोनदा वाचलं आणि आपल्या कामाला लागली. त्या नियमाने आम्ही अजून खेळलेलो नाही.