आखाजीचा रोगी

नागपूरची राजधानी उठून भोपाळला गेली, तेव्हा नागपूरच्या अनंत डॉक्टरांना बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत दवाखाना थाटून जेमतेम वर्ष झालं होतं. जुगार म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ज्याच्या हाती पत्ते, तो आजारी, असं त्यांचं रोखठोक निदान. अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. बायांनी झोक्यावर बसायचं आणि बाप्यांनी पत्त्यांवर, ही या भागाची रीत. डॉक्टरांना सगळा मुलूखच एका दिवसात आजारी पडलेला दिसला.

सणाच्या सकाळीच शाहपूरची सोजरबाई डोळे पुसत दवाखान्यात आली.

"डॉक्टरसाब, माझ्या कमलची सोयरीक निंबाशी ठरलीये. तो कालपासून पत्ते कुटतोय. माझा मालकही असाच एका आखाजीला बसला, तो जन्मभर उठलाच नाही. निंबा शौकीन आहे का बिमार, तेवढं सांगा. बिमार असेल तर आजच सोयरीक मोडते."

डॉक्टर विरघळले. तिच्याबरोबर मोटारीनं शाहपूरला गेले. कडुनिंबाच्या झाडाखाली डाव रंगला होता, पैजेला आंबे होते. डॉक्टरांनी होणाऱ्या जावयाची नाडी धरली.

"घरच्यांपासून लपवून खेळतोस?"

"लपवू कसा? समोर माझा बापच बसलाय. तोच लुबाडतोय."

"हरल्यावर झोप लागते?"

"जिंकल्यावर बी लागते, साब."

पुस्तकातले प्रश्न संपले. डॉक्टरांनी डोकं लढवलं आणि सोजरबाईच्या कानात सांगितलं, "आमरस वाढला की हाक मारा. शौकीन लगेच उठेल. बिमार म्हणेल, अजून एक डाव."

तोवर कुणाला संशय नको, म्हणून डॉक्टर स्वतः डावात बसले. तपासणीपुरते. जन्मात पत्त्याला हात न लावलेला माणूस, पण पहिलाच डाव जिंकला! समोर आंब्यांची रास पडली. डॉक्टरांची कानशिलं तापली.

"रस वाढलाऽ!"

निंबाच्या हातात तीन एक्के होते. ते तसेच टाकून तो पळत पंगतीला गेला. सोजरबाईला इतका आनंद झाला की ती रडता रडता हसली.

"पोरगा ठणठणीत!" डॉक्टर पत्त्यांवरून नजर न काढता ओरडले. "वाटा, वाटा. अजून एक डाव."

सोजरबाईनं तीनदा हाका मारल्या. रस काळा पडला. मग तिनंच येऊन त्यांच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि त्यांना मोटारीत बसवून दिलं.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. "एवढा उशीर?" बायकोनं, मंगलानं, विचारलं.

"रोगी सोडेना."

मंगलानं त्यांच्या कोटाच्या फुगलेल्या खिशांकडे पाहिलं. "कोण रोगी?"

डॉक्टरांनी एकेक आंबा काढून टेबलावर ठेवला. घरच्यांपासून लपवणं हा तर त्यांचा पहिलाच प्रश्न होता.

"मीच," ते म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. त्यांना मनापासून भीती वाटली.

मंगला आत गेली. ताटं मांडल्याचा आवाज आला.

"जेवायला या," तिनं हाक मारली.

डॉक्टर एका हाकेत उठले.